तुम्ही विचारलंत म्हणून: ‘ईआर निगेटिव्ह’ म्हणजे वाईटच का?

बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन नातेवाईक लॅबच्या दारात येतात आणि एकाच ओळीवर बोट ठेवतात. ‘मॅडम, ईआर निगेटिव्ह, पीआर निगेटिव्ह लिहिलंय. वाईटच ना?’ मागच्या महिन्यात एक मुलगी आईचा रिपोर्ट घेऊन आली. आईला गर्भाच्या पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर. मावशीला स्तनाचा, तिची गाठ ईआर पॉझिटिव्ह, म्हणून रोज टॅमॉक्सिफेन चालू. आईच्या नशिबी ती गोळीही नाही, या विचाराने पोरगी रात्रभर झोपली नव्हती.

ईआर म्हणजे इस्ट्रोजेन या हार्मोनचा रिसेप्टर, पेशीतला ते हार्मोन पकडणारा रेणू; पीआर प्रोजेस्टेरॉनचा. गाठीत तो सापडला नाही की ‘निगेटिव्ह’. स्तनाच्या बऱ्याच गाठी इस्ट्रोजेनवर पोसतात, म्हणून त्याला अडवणारी गोळी तिथे लागू पडते. पिशवीच्या तोंडाच्या बहुतेक कॅन्सरचं मूळ मात्र एचपीव्ही विषाणूत असतं. तिथे ‘निगेटिव्ह’ हे आम्हाला अपेक्षितच असतं.

तिला मी मायक्रोस्कोपजवळ बसवलं. ईआर असेल तिथे तपकिरी रंग धरतो, नसेल तिथे निळं दिसतं. आधी निरोगी तुकडा दाखवला: आवरणाच्या तळाशी तपकिरी केंद्रकांची ओळ, वर चपट्या होत गेलेल्या निळ्या पेशी, खालच्या स्ट्रोमात, म्हणजे आधार देणाऱ्या थरात, पुन्हा तपकिरी ठिपके. मग आईची स्लाइड. गाठीची बेटं निळीशार, भोवतीच्या स्ट्रोमात मात्र तेच तपकिरी ठिपके. ते दिसले की मला हायसं वाटतं: रंग नीट लागलाय, म्हणजे निगेटिव्ह खरंच निगेटिव्ह आहे.

मग ही तपासणी केलीच कशाला? आईची गाठ ग्रंथींतली होती. असा कॅन्सर पिशवीच्या अस्तरातूनही खाली उतरतो आणि नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसू शकतात. अस्तराचा बहुधा ईआर पॉझिटिव्ह असतो. तोंडाचा बहुधा निगेटिव्ह, आणि एचपीव्हीमुळे वाढणाऱ्या पी१६ या प्रथिनाचा रंग गडद. अपवाद असतात, म्हणून एका रंगावर आम्ही कधीच निकाल देत नाही. पण हे ठरवणं फार मोलाचं आहे, कारण अस्तराच्या कॅन्सरला सहसा आधी ऑपरेशन, तर तोंडाचा पुढे गेलेला असेल तर किरणोपचार आणि सोबत सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध.

हार्मोनचा काही संबंधच नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. एचपीव्ही १६ ची जनुकं घातलेल्या उंदरांच्या माद्यांमध्ये हा कॅन्सर व्हायला इस्ट्रोजेन लागलं, आणि तेही गाठीभोवतीच्या स्ट्रोमातल्या रिसेप्टरमधून. त्या तपकिरी ठिपक्यांकडे मी तेव्हापासून जास्त वेळ बघते. रोजच्या उपचारात यातून आलेली गोळी मात्र नाही.

‘मग डॉक्टरांना विचारू काय?’ तिने विचारलं. टप्पा विचार, म्हटलं; आणि तुझं वय काय? चौतीस. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या, आताच्या धाराशिवमधल्या, तीस ते एकोणसाठ वर्षांच्या बायकांची गोष्ट तिला सांगितली: एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने त्यांच्यातले या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. हा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. रिपोर्टची घडी घालता घालता तिने विचारलं, ‘ती चाचणी कुठे होते?’