कानबाईची कमान, भाग ४ : पॉवरबँकवर चालते, एसएमपीएसवर नाचते

कमानीतले दिवे मधूनच का नाचतात, ते सापडलं एकदाचं! आणि चूक माझीच निघाली.

मागच्या भागात कानबाईसाठी, म्हणजे आमच्या खानदेशातल्या श्रावणातल्या देवीसाठी, दिव्यांची कमान उभी होती : डब्ल्यूएस२८१२बी (प्रत्येक एलईडीत स्वतःची चिप असलेली रंगीत पट्टी), ५ मीटर, मीटरला ६०, म्हणजे ३०० एलईडी. पूर्ण पांढरा केला तर एकाला ६० मिलिअँपिअर, एकूण १८ अँपिअर. म्हणून ५ व्होल्ट, २० अँपिअरचा एसएमपीएस (पॉवर सप्लायचा डबा) घेतला. पहिल्याच दिवशी आईने बोट ठेवलं, "तठे लाल काबरं दिखी ऱ्हायनं?" शेवटच्या मीटरभरात पांढरा लालसर पडत होता. पट्टीतलं तांबं पातळ, पुढे व्होल्टेज पडतं. निळ्या-हिरव्याला लालपेक्षा जास्त व्होल्ट लागतात, म्हणून आधी तेच मंदावतात. मी शहाणपणा करून एसएमपीएसचा ट्रिमपॉट, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करायचा स्क्रू, फिरवला आणि ५.३ वर नेला. लाली बरीच कमी झाली, मी खूश.

मग सुरू झाला तमाशा. मधूनच एखादा हिरवा ठिपका, मधूनच अख्खी पट्टी जांभळी. पट्टीला डेटा देणारा कंट्रोलर, ईएसपी३२, बदलला, ग्राउंड पुन्हा सोल्डर केला, डेटावर ३३० ओहम होताच, १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटरही टाकला. फरक शून्य. पॉवरबँक लावून ब्राइटनेस ३० वर ठेवला की मात्र गाय! चार दिवस मी एसएमपीएसला शिव्या घातल्या.

पाचव्या रात्री दोन्हीकडे मल्टिमीटर लावला. पॉवरबँकवर पट्टीला मिळत होते ४.६ व्होल्ट, एसएमपीएसवर ५.३. या चिपला डेटा 'हाय' वाटायला पुरवठ्याच्या सत्तर टक्के लागतात. ४.६ चे ३.२२, ५.३ चे ३.७१. आणि ईएसपी३२ देतो ३.३. लाली घालवायला मीच उंबरठा उंच करून ठेवला होता!

उपाय सगळ्यांना माहीत आहे, ७४एएचसीटी१२५ : ३.३ लाही 'हाय' मानून पुढे ५ देणारी चिप. अमळनेरला मिळेना, म्हणून एसटीने जळगाव गाठलं. दुकानदार म्हणाला, "भाऊ, एकच आहे ते." घरी येऊन भिंगाखाली पाहिलं तर ७४एचसी१२५. 'टी' नाही. एचसीलाही पाचावर साडेतीनच लागतात, म्हणजे आगीतून फुफाट्यात. चार टोकांचं ते छोटं लेव्हल कन्व्हर्टर मॉड्यूलही लावून पाहिलं. आयटूसीसारख्या संथ डेटासाठी ठीक आहे, ८०० किलोहर्ट्झच्या डेटाला त्याच्या कडा फार संथ. कुणी सुचवलं तर ऐकू नका.

शेवटी ड्रॉवरमधल्या १एन४००७ या साध्या डायोडने लाज राखली, तो वाटेत थोडं व्होल्टेज खातो. आधी ट्रिमपॉट परत ५.० वर. मग पट्टीचा पहिला एलईडी कापून वेगळा केला आणि त्याच्या पाचच्या वायरीत डायोड घातला. त्याला मिळाले ४.४. सत्तर टक्के झाले ३.०८, म्हणजे ३.३ आरामात आत. तो पुढे डेटा देतो ४.४ च्या आसपास आणि बाकीच्यांना हवेत ३.५. कोडमध्ये शून्य नंबर, म्हणजे हाच पहिला एलईडी, कायम काळा, कमानीच्या मागे टेपने चिकटवलाय. रात्री साडेअकराला चालू केलं आणि पाऊण तास नुसता बघत बसलो. एकही ठिपका नाही.

लालीवर आता दोन्ही टोकांनी पुरवठा, दीड स्क्वेअर एमएमची वायर. हे आधीच करायला हवं होतं. एएचसीटी ऑनलाइन मागवली आहे, पण खरं सांगू, हा डायोड काढायची इच्छा नाही. लिहिता लिहिता सुचलं : आमच्याकडे श्रावणात लाईटचा भरवसा नाही. १२ व्होल्टची बॅटरी आणि १२ चे ५ करणारे दोन बक कन्व्हर्टर, एकेका टोकाला एक, असं केलं तर? १८ अँपिअर ओढायचेच नाहीत, ब्राइटनेस ८० पुरे. कानबाईसमोर झगमगाट नको, असं आईचंही म्हणणं. मग तो २० अँपिअरचा डबा पुढच्या प्रोजेक्टला.

नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसणार. त्याआधी घरात रोटांचं दळण सुरू झालं की मला टेबल सोडावं लागेल. आणि १८७ नंबरचा एलईडी अजून हिरवा होत नाही, तेवढा कापून बदलायचाय.