पालथं करण्याआधीची नोंद

मुलांच्या कवटीखालच्या मणक्यांची शस्त्रक्रिया म्हटली की सगळे स्क्रूबद्दल विचारतात. भूल देणाऱ्या मला धास्ती असते ती मानेच्या मागून शस्त्रक्रिया करण्यासाठी मूल उताण्याचं पालथं करतानाची.

हा आठ वर्षांचा, डाऊन सिंड्रोम असलेला. वर्षभरात जिना चढेना झाला, भिंत धरून चालू लागला. ‘अशा मुलांचं असंच असतं’ म्हणत दोन ठिकाणी टॉनिक लिहून दिलं होतं. याचा मला संताप येतो. या मुलांचे अस्थिबंध सैल असतात, मानेचा पहिला मणका दुसऱ्यावरून सरकून मज्जारज्जू दाबू शकतो, हे आपण सगळेच शिकलेलो असतो. येत असलेली गोष्ट जायला लागली की आधी मान तपासायची. मान वाकवून काढलेल्या साध्या एक्सरेत दोन हाडांमधलं अंतर नऊ मिलिमीटर होतं. मुलांमध्ये पाचच्या पुढे गेलं की धोका.

बेत होता पहिला-दुसरा मणका स्क्रूंनी जखडण्याचा. मुंबईच्या केईएममध्ये असताना डॉ. अतुल गोयल यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेली पद्धत आज जगभर वापरतात. मान वळवण्याची निम्मी हालचाल याच सांध्यात असते. ती जाणार, हे आईला आधीच सांगितलं होतं.

सेव्होफ्लुरेन ही श्वासातून द्यायची भूल देताना या मुलांची नाडी एकाएकी मंदावते, म्हणून अ‍ॅट्रोपीन भरून हाताशी. मान न हलवता दुर्बिणीतून नळी घातली, वयाच्या मापाहून बारीक. पुढे फक्त शिरेतून प्रोपोफॉल आणि फेंटानिल. मज्जारज्जू शाबूत आहे का हे मेंदूकडून हातापायांच्या स्नायूंपर्यंत पोचणाऱ्या विजेच्या संकेतांवरून कळतं; स्नायू शिथिल करणारं औषध दिलं तर ते मिळत नाहीत. हे संकेत उठवायला डोक्याच्या कातडीवर विजेचा झटका दिला की जबडा करकचून मिटतो, म्हणून दाढांमध्ये गॉजच्या गुंडाळ्या. या मुलांची जीभ मोठी, ती आधी सांभाळायची.

मग उताणं असतानाच संकेतांची नोंद. सर्जन घड्याळाकडे बघत म्हणाले, “मॅडम, पालथं केल्यावर घेऊ ना.” मी नाही म्हटलं.

पालथं केलं आणि पडद्यावर दोन्ही पायांच्या संकेतांच्या रेषा जवळजवळ सपाट. रक्तदाब ठीक, भूल तेवढीच. सी-आर्मवर, म्हणजे टेबलापाशीच्या एक्सरे यंत्रावर पाहिलं, हनुवटी जराशी खाली गेली होती. सर्जननी स्वतः डोकं धरून मान सरळ केली, मी नॉरअ‍ॅड्रेनलिनने दाब वर नेला. काही मिनिटांत रेषा परतल्या.

“पुढे जायचं?” त्यांनी मला विचारलं.

मी हो म्हटलं. परत उताणं करायचं तर तीच सैल मान पुन्हा फिरवावी लागली असती, आणि मणका तसाच सुटा राहिला असता. जाग येताना त्याने दोन्ही पाय हलवले.

विभागातला एक सहकारी म्हणतो, थांबायला हवं होतं. पोर जागं करून, पाय बघून दुसऱ्या दिवशी घ्यायचं. त्याचं म्हणणं मला खोडता येत नाही. पण उताण्याची नोंद नसती, तर त्या सपाट रेषा जुन्या अशक्तपणाच्या खात्यात टाकून आम्ही त्याच वाकलेल्या स्थितीत मान जखडली असती. संकेत टिपणारं यंत्र दारात उभं असूनही ही नोंद ‘वेळ जातो’ म्हणून कित्येकदा गाळतात. माझ्या टेबलवर ती घेतल्याशिवाय मूल पालथं होत नाही.