केमोमधला कोरडा खोकला : माझा अनुभव

मला चोविसाव्या वर्षी डाव्या ओव्हरीत गाठ निघाली, जर्म सेल ट्यूमर, म्हणजे बीजपेशींपासून होणारी गाठ. ऑपरेशननंतर बीईपी केमो सुरू झाली, म्हणजे ब्लिओमायसिन, इटोपोसाइड आणि सिस्प्लॅटिन. केस जाणार, उलट्या होणार याची मनाची तयारी होती, पण ब्लिओमायसिनने फुफ्फुसाला त्रास होऊ शकतो हे सांगितलेलं डोक्यातच राहिलं नव्हतं.

दुसरी सायकल संपता संपता खोकला लागला. कफ नाही, ताप नाही, नुसता कोरडा. आई हळदीचं दूध देत होती, जवळच्या डॉक्टरांनी सिरप दिलं, मीपण म्हटलं अशक्तपणा असेल. मग एक दिवस गच्चीवर कपडे वाळत घालायला निघाले आणि अर्ध्या जिन्यातच बादली ठेवून बसले, धाप काही केल्या थांबेना. तरी आईला म्हटलं केमो देतात त्या डे केअरला सांगू नको गं, पुढची केमो थांबवतील. फार मोठी चूक केली मी, आठ दिवस त्यात गेले.

शेवटी आईनेच सिस्टरना सांगितलं. तिथल्या डॉक्टर मॅडमनी पाठीला स्टेथो लावला तर खाली दोन्हीकडे चरचर आवाज. पाठीवर काळपट पट्टे होते, मला वाटायचं खाजवल्याचे, पण तेही ब्लिओमायसिनचेच निघाले. हे औषध निकामी करणारं एन्झाइम फुफ्फुसात आणि कातडीत कमी असतं म्हणून तिथेच त्रास होतो, आणि ते किडनीवाटे बाहेर पडतं, सिस्प्लॅटिनने किडनी मंदावली तर अंगात जास्त वेळ राहतं, हे त्यांनी चित्र काढून समजावलं. एचआरसीटी, म्हणजे फुफ्फुसाचा बारकाईने काढलेला सीटी स्कॅन झाला, टीबी आणि इन्फेक्शन नाही ना ते बघितलं, मग डीएलसीओ टेस्ट, फुफ्फुसातून रक्तात गॅस किती नीट जातो ते मोजणारी. नाकाला चिमटा लावून गॅस ओढायचा आणि दहा सेकंद श्वास धरायचा, मला सहालाच ढास लागायची, तीनदा करावी लागली.

ब्लिओमायसिन कायमचं बंद झालं, बाकी दोन औषधांवर केमो पूर्ण केली. स्टिरॉइडच्या गोळ्या मात्र कित्येक आठवडे, डोस अगदी हळूहळू उतरवत. चेहरा सुजला, रात्र रात्र झोप नाही, पण महिन्याभरात जिना एका दमात चढले.

नंतर अपेंडिक्सचं ऑपरेशन निघालं तेव्हा आई फाईल घेऊन भूलतज्ज्ञांकडे गेली, कारण ब्लिओमायसिन घेतलेल्यांना ऑक्सिजन लागेल तेवढाच द्यायचा असतो, उगाच जास्त नाही. फाईलवर तिने लाल स्केचपेनने तेवढंच मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय, अजूनही आहे.