शस्त्राची अट

पावसाळ्यात दर रविवारी दुपारी गोव्यातल्या फोंड्याच्या आमच्या घराच्या बल्कावात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, आम्ही पाचजण 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा एकेक पात्र होऊन, फासे टाकत गोष्ट रचण्याचा खेळ खेळायला बसतो. खेळ चालवण्याचे, म्हणजे डंजन मास्टरचे, काम माझ्याकडे असल्यामुळे कोणत्या पात्राच्या हाती कोणते शस्त्र पडावे हेही मीच ठरवतो. या अधिकाराचा मी केलेला सर्वांत वाईट वापर म्हणजे व्होर्पल तलवार.

खेळाच्या पाचव्या आवृत्तीत 'लेजंडरी', म्हणजे आख्यायिकेत शोभावी असा, दर्जा असलेली ही तलवार हल्ल्याच्या फाशात आणि इजेत तीनची भर घालते, आणि वीस बाजूंच्या फाशावर वीस पडले की शत्रूचे मुंडके उडवते. एका फेरीत तीन वार करणाऱ्या योद्ध्याला ही संधी दर फेरीत सुमारे १४ टक्के मिळते. 'लेजंडरी ॲक्शन्स', म्हणजे इतरांच्या पाळीनंतरही करता येणाऱ्या जादा कृती, असलेल्या शत्रूचा शिरच्छेद होत नाही, त्याला फक्त जादा इजा होते. माझ्या खलनायकाला त्या द्यायचे मी विसरलो होतो. तीन महिने रचलेले त्याचे कारस्थान दुसऱ्याच फेरीत संपले. सर्वांनी टाळ्या वाजवल्या, आणि पुढचे दोन तास काय करावे हे कोणालाच सुचेना.

तीनची भर म्हणजे फाशाच्या हिशेबात पंधरा टक्के, आणि पंधरा टक्क्यांची आख्यायिका होत नाही. कर्णाच्या वासवी शक्तीने नेमकी किती इजा होत असे, हे महाभारत ऐकताना आपण कधी विचारले नाही; ती कवचकुंडलांच्या मोबदल्यात मिळाली, एकदाच चालणार होती, आणि अर्जुनासाठी राखून ठेवलेली असताना घटोत्कचावर खर्ची पडली, हे मात्र कोणी विसरत नाही. परशुरामाच्या बाणाने समुद्र हटवून वर आली असे ज्या भूमीबद्दल सांगतात, तिथे राहून मी शस्त्रांची बेरीज करत बसलो होतो.

यंदा मी १९७९ सालच्या, लॉरेन्स शिक यांच्या 'व्हाइट प्लूम माउंटन' या खेळासाठी लिहिलेल्या तयार साहसकथेकडे वळलो. त्यातली तिन्ही शस्त्रे सजीव आहेत, त्यांना स्वतःची मते आहेत. व्हेल्म हा हातोडा धरणाऱ्याला उघड्या आकाशाखाली जाण्याची धास्ती बसते; ब्लॅकरेझर ही तलवार मारलेल्यांचे आत्मे गिळते; आणि वेव्ह हा त्रिशूळ सागरदेवतेच्या उपासकाशिवाय कोणाशीही जुळवून घेत नाही. नियमांच्या भाषेत अशा जुळवून घेण्याला 'अट्यूनमेंट' म्हणतात, आणि एका पात्राला एका वेळी अशा तीनच वस्तूंशी जुळवून घेता येते.

वेव्ह ज्या खेळाडूच्या हाती लागला, त्याच्या पात्राचा बाप गलबतासह बुडाला होता. ही पूर्वकथा त्यानेच पहिल्या दिवशी लिहून दिली होती आणि बहुधा विसरलाही होता. त्रिशुळाची अट मी वाचून दाखवली तेव्हा त्याने फासा खाली ठेवला, आणि बापाला गिळणाऱ्या समुद्राची पूजा करायची की नाही, यावर पाचही जण अंधार पडेपर्यंत वाद घालत राहिले. त्या दिवशी एकही लढाई झाली नाही.

निर्णय अजून झालेला नाही. त्रिशूळ घोंगडीत गुंडाळून गाढवावर लादलेला आहे. वेव्हला गुणगुणण्याची खोड आहे, कधी खलाशांची गाणी तर कधी स्तोत्रे. म्हणून दर रविवारी नकाशा उलगडताना मी हलकेच गुणगुणतो, आणि तो खेळाडू माझ्याकडे न पाहता चहाचा कप उचलतो.