गाडी मोकळी आहे का?

भाड्याच्या गाड्यांच्या धंद्यात मालकाला दिवसभर एकच प्रश्न विचारला जातो: गाडी मोकळी आहे का? बेळगावातील एका ट्रॅव्हल्स मालकासाठी वाहनांच्या बुकिंगची आणि व्यवस्थापनाची वेबवर चालणारी प्रणाली तयार करताना माझे असे मत झाले की, या प्रश्नाला नुसती तारीख पाहून उत्तर देणारी प्रणाली सीमाभागात अपुरीच पडणार. येथे गाडी मोकळी आहे की नाही, हे ती कोठे जाणार आहे हे कळल्याशिवाय सांगता येत नाही.

बेळगावहून अथणीला जायचे तर शंभराहून अधिक किलोमीटरचा प्रवास होतो, पण जिल्हा बदलत नाही. उलट वेंगुर्ला रस्त्याने निघालेली गाडी थोड्याच वेळात शिनोळीला, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्यात पोहोचते. चोर्ला घाट किंवा अनमोड घाट उतरला की गोवा लागतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ८८ नुसार एका राज्यात दिलेला परवाना सर्वसाधारणपणे दुसऱ्या राज्याच्या प्रतिस्वाक्षरीशिवाय, म्हणजे तेथील परिवहन अधिकाऱ्याच्या मान्यतेच्या सहीशिवाय, तेथे चालत नाही. अखिल भारतीय पर्यटक परवाना असलेल्या गाडीला मात्र ही अडचण नसते. म्हणून केवळ कर्नाटकाचा परवाना असलेली गाडी अथणीच्या वर्दीसाठी, म्हणजे भाड्याच्या फेरीसाठी, मोकळी असते आणि त्याच सकाळी शिनोळीच्या लग्नासाठी मोकळी नसते. अनेक तयार प्रणालींमध्ये अंतराचा रकाना असतो, राज्याचा नसतो. आम्ही प्रत्येक ठिकाणाला राज्य जोडले आणि गाड्यांची यादी ठिकाण निवडल्यानंतरच दिसेल असे ठरवले. फोनवर बोलणाऱ्या कारकुनाला प्रथम हे जाचक वाटले, कारण गिऱ्हाईक आधी तारीख सांगते आणि ठिकाण मागाहून सांगते. पण क्रम बदलण्यास मी नकार दिला आणि तो योग्यच होता असे मला अजूनही वाटते.

विश्लेषणाचा खरा ऐवज मालकाच्या भिंतीवरील कालनिर्णयात आणि पतसंस्थेने भेट दिलेल्या डायरीत होता. कालनिर्णयाच्या चौकटीत नुसते गाडीचे शेवटचे चार आकडे आणि गिऱ्हाइकाच्या गावाचे नाव असे. काही नोंदींभोवती गोल केलेला असे, काहींखाली रेघ असे. गोल म्हणजे आगाऊ रक्कम आली, रेघ म्हणजे तोंडी शब्द दिला आहे पण दुसरे मोठे भाडे आले तर विचारून बघायचे, हे विचारल्यावर समजले. ही रेघ कोणत्याही गरजपत्रकात, म्हणजे प्रणालीने काय काय करावे याच्या लेखी यादीत, आली नसती. प्रणालीत तिच्यासाठी ‘कच्ची वर्दी’ अशी स्वतंत्र अवस्था ठेवली आणि तिला मुदत लावली. मुदत संपली की ती आपोआप रद्द होत नाही, फक्त मालकासमोर पुन्हा येते. दिलेला शब्द संगणकाने परस्पर मोडावा, हे मालकाला मान्य नव्हते आणि मलाही पटण्यासारखे नव्हते.

वेळेच्या नोंदीत याहून अवघड गाठ निघाली. सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनासाठी जाणारी मंडळी रात्री दोन-तीनला निघतात आणि बुकिंग करताना ‘सोमवारी रात्री दोनला’ असे सांगतात. त्यांच्या मनात सोमवार अजून संपलेला नसतो. संगणकाच्या दृष्टीने मात्र मंगळवार उजाडून दोन तास झालेले असतात. या एका दिवसाच्या फरकाने गाडी चोवीस तास आधी दारात उभी राहते किंवा उभी राहतच नाही. यावर उपाय म्हणून मध्यरात्र ते पहाटे पाच या वेळेतील प्रत्येक बुकिंगला प्रणाली ‘सोमवार आणि मंगळवार यांच्यामधली रात्र’ असे पूर्ण वाक्य दाखवते, कारकुनाने ते गिऱ्हाइकाला फोनवर वाचून दाखवायचे असते आणि त्यानंतरच नोंद पक्की होते.

एकच गाडी दोघांना दिली जाण्याचा धोका लग्नसराईत सर्वाधिक असतो, कारण एकाच मुहूर्तासाठी बेळगावच्या आणि निपाणीच्या कार्यालयात एकाच वेळी फोन वाजतात. आधी गाडी मोकळी आहे का ते तपासायचे आणि मग नोंद करायची, ही सरळ वाटणारी पद्धत येथे फसते. दोघांनी एकाच क्षणी तपासले तर दोघांनाही गाडी मोकळीच दिसते. डेटाबेसमधील ओळ, म्हणजे एक नोंद, कुलूपबंद करावी म्हटले तर नवी नोंद अजून अस्तित्वातच नसते, मग कुलूप लावायचे कशाला? हे काम आम्ही पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसवर सोपवले. त्यात एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट नावाची सोय आहे: गाडी तीच आणि कालावधी एकमेकांवर चढणारा, अशी दुसरी ओळ डेटाबेस स्वतःच नाकारतो, मग ती कोणत्याही कार्यालयातून आलेली असो. रद्द झालेल्या नोंदी या बंधनातून वगळता येतात. कालावधीची सुरुवात धरायची आणि शेवटचा क्षण सोडायचा, असा संकेत ठेवल्यामुळे सहाला परतणारी गाडी सहाच्या वर्दीला चालते. प्रत्यक्षात मात्र गाडी धुवायची असते, डिझेल भरायचे असते, म्हणून गाडी शेडला येऊन पुन्हा निघण्याजोगी होईपर्यंतचा वेळ कालावधीतच धरला. ड्रायव्हरसाठी असेच दुसरे बंधन घातले आणि त्याच्या विश्रांतीचा वेळ त्यात मोजला. रात्रभर घाट चालवून आलेल्या माणसाला सकाळी पुन्हा पाठवण्याचा मोह मालकालाही होतो. तेथे प्रणालीने आडमुठेपणा करावा, हे मालकानेच मान्य केले.

घाटात नेटवर्क नसते. त्यामुळे ड्रायव्हरच्या फोनवर मीटरचे आकडे, टोल आणि पार्किंग यांची नोंद आधी फोनमध्येच साठते आणि रेंज आल्यावर पुढे जाते.

चाचणीसाठी नमुन्याची माहिती मनाने रचण्याऐवजी आम्ही कालनिर्णयाची जुनी पाने उलगडली आणि प्रत्येक खुणेची एक चाचणी केली. परवाना, विमा, फिटनेस आणि प्रदूषण प्रमाणपत्र यांच्या मुदती गाडी निघण्याच्या दिवशी नव्हे, तर परतण्याच्या दिवशी पाहायच्या असतात. म्हणून विमा सहलीच्या मधल्याच रात्री संपतो अशी वर्दी मुद्दाम तयार केली आणि ती अडली पाहिजे असा निकष ठेवला. आठ वर्षांपर्यंतच्या व्यावसायिक गाडीचे फिटनेस दोन वर्षांनी आणि त्यापुढे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते, तेव्हा आठवे वर्ष ओलांडणारी गाडीही यादीत घेतली. दोन संगणकांवरून एकाच गाडीसाठी एकाच क्षणी विनंत्या पाठवणारी छोटी आज्ञावली लिहिली. तिचा निकाल प्रत्येक वेळी एक होकार आणि एक नकार असाच यायला हवा. सर्व्हरने ड्रायव्हरची नोंद स्वीकारली, पण पोच फोनपर्यंत आलीच नाही, ही अवस्था फोनचे नेटवर्क मध्येच बंद करून तपासली. प्रत्येक नोंदीला फोनवरच अनन्य क्रमांक मिळत असल्यामुळे तीच नोंद पुन्हा आली तरी टोल दोनदा लागत नाही.

सर्वात उपयोगी ठरली ती आपत्कालीन वर्दीची चाचणी. अथणी-कागवाडकडून रुग्ण मिरजेच्या दवाखान्यांत नेले जातात, आणि तो प्रवास अंतराने कितीही जवळचा असला तरी महाराष्ट्रातला असतो. रात्री अशी वर्दी आली की कारकुनाने आगाऊ रक्कम, पत्ता आणि परतीची वेळ भरत बसणे शक्य नसते. म्हणून फक्त ठिकाण आणि फोन क्रमांक घेऊन परवान्याने योग्य अशी सर्वात जवळची गाडी दाखवणारा वेगळा पडदा (स्क्रीन) केला, आणि उरलेली माहिती सकाळी भरण्याची मुभा दिली. परवान्याची अट मात्र तेथेही सैल केली नाही; अपघात झाल्यास विम्याचा वाद नेमका तेथूनच सुरू होतो.

कालनिर्णय भिंतीवरून उतरवण्याचा आग्रह मी धरला नाही. लग्नसराई संपेपर्यंत दोन्हीकडे लिहायचे आणि रोज संध्याकाळी ताळा घ्यायचा, असे ठरले. ताळ्यात जो फरक पडतो तो बहुधा एकाच कारणाने: स्वतःच्या गाड्या संपल्या की मालक ओळखीच्या दुसऱ्या मालकाची गाडी घालतात आणि कमिशन ठेवतात. ती गाडी कालनिर्णयावर दिसते, प्रणालीत दिसत नाही. पहिल्या आवृत्तीत ही सोय मुद्दाम दिली नाही, कारण दुसऱ्याच्या गाडीची कागदपत्रे तपासल्याशिवाय ती सीमेपलीकडच्या वर्दीला मोकळी आहे असे प्रणालीला म्हणता येणार नाही. ती कागदपत्रे मागायची कोणी, यावर मालकांचे आपसात बोलणे चालू आहे.