शेवटी कोण गाणार?

परवा रात्री साडेअकराला फोन लागोपाठ वाजायला लागला आणि बायको झोपेतच म्हणाली, "कोण गेलं?" आता आमच्या वयात साडेअकराला ग्रुपवर धडाधड सतरा मेसेज आले की पहिली शंका तीच येते, तिचं काही चुकलं नाही. पण बघितलं तर कोणी गेलेलं नव्हतं, उलट कोणीतरी येणार होतं. एक्सेलने टूरच्या तारखांचा स्क्रीनशॉट टाकला होता, दोन तारखांच्या मधे लाल गोल केला होता आणि खाली लिहिलं होतं, "चार दिवस रिकामे. बघा आता."

बँड म्हणजे आयर्न मेडन, इंग्लंडचा जुना हेवी मेटल बँड. दुसरा कुठला असणार. आमच्या ग्रुपचं नावच "यंदा नक्की" आहे आणि ग्रुप काढल्यापासून ते बदलायची वेळ आलेली नाही.

आम्ही चौघं. एक्सेल, कारण त्याच्याकडे सगळ्याची शीट असते, दुधाच्या हिशोबापासून ते बँडच्या प्रवासापर्यंत. डॉक्टर, जो डॉक्टर नाहीये, पीएचडी अर्धवट सोडली म्हणून डॉक्टर. बेस, ज्याने कॉलेजात असताना फिरोदिया करंडक स्पर्धेत बेस गिटार वाजवली होती आणि त्याला अजून वाटतं की ती ऐकू आली होती. आणि मी. सगळे पन्नाशीच्या थोडे अलीकडे-पलीकडे, म्हणजे कॅम्पातून घेतलेल्या डुप्लिकेट काळ्या टीशर्टवर अभिमानाने मिरवलेली पिढी. माझ्या टीशर्टवर एडी होता, मेडनचा तो सांगाडेवाला मॅस्कॉट, डोळे बाहेर, जबडा उघडा. आईने पहिल्या दिवशी बघून "हे घालून देवघरात येऊ नकोस" एवढंच सांगितलं होतं. तो टीशर्ट अजून आहे घरात, पण मीडियम साईझ आहे, त्यामुळे त्याने आता गाडी पुसतात. पुसताना एडीचा एक डोळा तेवढा दिसतो, माझ्याकडेच बघत असतो असं मला वाटतं.

तर गणपती झाले की आमचा हा सीझन सुरू होतो. मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर २०२३ पासून लोलापलूझा हे म्युझिक फेस्टिव्हल होतं, आणि त्याचं एक बरं आहे की पहिली स्वस्तातली तिकिटं कोण वाजवणार हे सांगायच्या आधीच विकायला काढतात. म्हणजे मुलगी न बघता सुपारी फोडायची. आणि लोक फोडतात! इंग्लंडात ग्लास्टनबरीला तर वर्षानुवर्षं हेच चाललंय, नावं जाहीर व्हायच्या आधी सगळी तिकिटं संपलेली असतात आणि हेडलायनर कोण यावर तिकडचे बुकी रीतसर बेट घेतात. रोलिंग स्टोन्स तिथे येणार येणार अशी चर्चा लोकांनी किती वर्षं केली असेल, आणि १९६२ ला सुरू झालेला तो बँड ग्लास्टनबरीला पहिल्यांदा वाजवायला आला २०१३ ला. हे उदाहरण बेस दरवर्षी देतो. तिकडे एवढी वर्षं थांबले, आपण कोण लागून गेलो, असा त्याचा मुद्दा असतो आणि त्याच्यावर कोणाकडे उत्तर नसतं.

पुण्यात राहून मुंबईच्या फेस्टिव्हलकडे डोळे लावून बसायचं हे खरं तर आम्हाला जड जातं, ते लपवण्यात अर्थ नाही. कारण हे सगळं आपल्या गावात होतं की. एनएच७ वीकेंडर हे फेस्टिव्हल २०१० ला सुरू झालं ते पुण्यातच. २०१६ ला स्टीव्हन विल्सन, २०१७ ला स्टीव्ह वाय, २०१८ ला जो सॅट्रियानी, २०१९ ला ओपेथ, हे सगळे इथे येऊन वाजवून गेलेत आणि त्यांचं वाजवून झाल्यावर आम्ही रिक्षावाल्याशी भांडून घरी जाऊन साडेबाराला आमटीभात खाल्लाय. ती चैन वेगळी. आता एक्सप्रेसवे, लोणावळ्याचा ट्रॅफिक, वाशीला कोणाच्या तरी आतेबहिणीकडे मुक्काम, आणि आतेबहीण विचारणार की भजनाला आलात का.

असो. अंदाजाचं शास्त्र सांगतो, कारण ते लोकांना वाटतं तेवढं फालतू नाहीये.

सगळ्यात आधी रूट बघायचा. एवढा मोठा बँड भारतात एका शोसाठी उठून येत नाही, कुठूनतरी कुठेतरी जाताना येतो. २००७ च्या मार्चमधे मेडन आधी दुबईच्या डेझर्ट रॉकला वाजवले आणि आठवड्याभराने बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंडवर. २००८ ला मुंबई झाली आणि तीन दिवसांनी पर्थ, ऑस्ट्रेलिया. म्हणजे आपण वाटेवरचं स्टेशन आहोत, आपल्याकडे गाडी थांबते पण सुटत नाही असं एक्सेल म्हणतो, आणि मग स्वतःच स्वतःला खोडून काढतो की नाही, २००८ ला ती अख्खी वर्ल्ड टूर मुंबईतूनच सुटली होती. ते खरंच आहे. १ फेब्रुवारी २००८, पहिला शो मुंबई. आणि आले कसे तर बोइंग ७५७ मधून, शेपटीवर एडी, मागच्या सीट काढून तिथे बारा टन सामान भरलेलं, आणि कॉकपिटमधे गायक स्वतः! ब्रूस डिकिन्सन हा माणूस तेव्हा रीतसर एअरलाइन पायलटही होता. मला हे कुठल्याही गाण्यापेक्षा जास्त भारी वाटतं. आपल्याकडे नाटकाच्या बसचा ड्रायव्हरच रात्री हिरोचं काम करतोय असं समजा.

दुसरं म्हणजे करार. मोठे फेस्टिव्हल बँडला अट घालतात की आमच्या आधी-नंतर इतके दिवस आसपास कुठे वाजवायचं नाही. त्यामुळे जवळपासच्या शहरात शो जाहीर झाला की डॉक्टर लगेच "संपलं" असं टाकतो. त्याला संपलं म्हणायला फार आवडतं, पीएचडीपासून सवय आहे.

तिसरं, आतल्या गोटातली बातमी. कोणाच्या तरी मामेभावाचा मित्र साउंडवाला असतो आणि त्याला कोणीतरी जानेवारीत मोकळा राहा म्हणून सांगितलेलं असतं. ह्या मामेभावाच्या मित्राने आत्तापर्यंत मेटॅलिका, एसी/डीसी आणि पर्ल जॅम इतक्या वेळा आणलेत की त्याला मंत्री करायला पाहिजे. पण तरी त्याचा मेसेज आला की आम्ही चौघंही दोन मिनिटं गप्प बसतो, हे मान्य करतो.

आणि मग वय. म्हाताऱ्या बँडचा अंदाज बांधताना खरा प्रश्न तारखांचा नसतोच. मेडनचा बेसिस्ट स्टीव्ह हॅरिस १९५६ चा, ब्रूस १९५८ चा. ब्रूसला २०१५ च्या आसपास घशाचा कॅन्सर झाला, उपचार घेऊन तो परत आला आणि २०१६ ला ७४७ उडवत जगभर फिरला. निको मॅकब्रेन, ड्रमर, त्याने २०२४ च्या डिसेंबरमधे टूर करणं थांबवलं. ती बातमी आली तेव्हा ग्रुपवर कोणी जोक केला नाही. बेसने फक्त लिहिलं, "बहात्तरचा आहे रे तो." नंतर बऱ्याच वेळाने डॉक्टरने विचारलं, तुझ्या वडिलांचं कसं आहे. कुठून कुठे, पण कोणाला ते विचित्र वाटलं नाही.

एक्सेल मात्र वयाला मानत नाही. तो म्हणतो ट्रेंड बघा, लोलाला २०२४ ला स्टिंग आला, तो १९५१ चा. २०२५ ला ग्रीन डे. २०२६ ला लिंकिन पार्क. म्हणजे गिटारवाल्यांना मागणी आहे आणि म्हातारे चालतात. सिद्ध झालं. मी म्हटलं अरे तुझ्या शीटमधे २०२३ चे इमॅजिन ड्रॅगन्स कुठायत, तर म्हणे ते आउटलायर. आपल्याला नको ती ओळ लपवायची सोय एक्सेलमधे आहेच.

आता मला एवढी आग का आहे ते सांगायला पाहिजे. २००८ चा तो मुंबईचा शो मी बघितलेला नाही. बाकी तिघं गेले होते. माझंही तिकीट होतं, पाकिटात घडी घालून ठेवलेलं. पण शुक्रवार होता आणि ऑफिसात त्याच रात्री रिलीज होतं, आणि माझ्या तेव्हाच्या साहेबांनी "कॉन्सर्ट काय, परत येतील की ते" असं म्हणून खांद्यावर थोपटलं होतं. परत येतील. २००९ ला आले बंगळुरूला, तेव्हा माझी बायको बाळंतपणाला टेकली होती, त्यामुळे तो विषय मी घरात काढलाही नाही, एवढी अक्कल होती मला.

तर २००८ ला रात्री हिंजवडीत सगळा फ्लोर रिकामा, एसी बंद केलेला, मी आणि एक टेस्टर, आणि कँटीनमधे उरलेला गार वडापाव. बेसचा फोन आला. मी हॅलो हॅलो करतोय तर तिकडून नुसती खरखर, म्हणजे मिक्सरमधे कोणी गोटे टाकलेत असा आवाज. त्याने फोन वर धरला होता. काय वाजतंय काही कळेना. मी दुसऱ्या कानात बोट घालून, डेस्कखाली वाकून ऐकत होतो, कारण तिथे जरा शांत होतं. आणि मग त्या खरखरीतून हळूहळू लोकांचं गाणं वर आलं. शब्द नव्हते त्याला, गिटारची सुरावटच हजारो माणसं ओ ओ करून म्हणत होती, आणि तेव्हा कळलं की हे फिअर ऑफ द डार्क आहे. बँडचा एक सूर मला ऐकू आला नाही, नुसतं पब्लिक. चाळीसेक सेकंद असेल. मग बेसचा बॅलन्स संपला. टेस्टर म्हणाला, सर काही पडलंय का खाली?

ही गोष्ट मी दर सीझनला ग्रुपवर एकदा सांगतो, सगळे सहन करतात.

काल संध्याकाळी बाबांकडे गेलो होतो, सदाशिव पेठेत. चहा घेता घेता तिकीट काढलं, चुकून नाही, पूर्ण शुद्धीत काढलं, पाच जणांच्या ऑफिसच्या जेवणाचं बिल होईल एवढे पैसे गेले. बाबा चष्म्यावरून बघत होते. कसलं तिकीट? म्हटलं मुंबईत गाण्याचा कार्यक्रम आहे. कोणाचं गाणं आहे? अजून सांगितलं नाहीये. मला वाटलं आता "तुम्हा लोकांना पैसे वर आलेत" हे वाक्य येणार, पण बाबांनी मान डोलावली आणि एकदम रमणबागेत गेले.

बाबा तिथे सवाई गंधर्व महोत्सवाला जायचे तेव्हाचं मला आठवतंय, रात्र रात्र चालायचं ते, दहाची अट नंतर आली. सतरंजी, थर्मास, मफलर, आणि मित्रांची ठरलेली जागा. पत्रिका छापलेली असायची, कोण कधी गाणार सगळं लिहिलेलं, तरी ह्यांचा अंदाज चालूच. अमुक बुवा तोडी घेतील का, तमक्यांचा आवाज लागलाय का, दुपारी कोणी त्यांना खोकताना ऐकलं म्हणे. १९५३ ला भीमसेनांनी गुरूंच्या स्मरणार्थ महोत्सव सुरू केला आणि शेवटी गायचे ते स्वतःच, त्यामुळे शेवटी कोण हा प्रश्न खरं तर नव्हताच. पण पुढे पुढे त्यांची तब्येत बरी नसायची तेव्हा बाबांचे मित्र पहाटे फोन करायचे. घरातला काळा फोन वाजला की आई म्हणायची, कोण गेलं? आणि बाबा रिसीव्हरवर हात ठेवून म्हणायचे, कोणी नाही गं, विचारतायत की ह्या वर्षी बसतील का गायला.

"मग तुमच्याकडे ते हेडलायनर म्हणजे काय असतं?" बाबांनी विचारलं.

म्हटलं, शेवटी गाणारे.

"वय काय त्यांचं?"

सत्तरीच्या आसपास सगळे.

"मग बरोबर आहे," बाबा म्हणाले, जसं काही एक्सेलची शीट त्यांनीच तपासली. "शेवटीच गातात ते. पण आधीच्यांचं नीट ऐकायचं हां, उगाच ह्यांच्यासाठी म्हणून मागे भेळ खात बसायचं नाही." मग जरा थांबून, "आणि भीमसेनांचं झालं की उठायचं नाही असं असायचं आमच्याकडे, सवाई गंधर्वांची भैरवीची रेकॉर्ड लावायचे, ती पूर्ण ऐकायची, मग सतरंजी झटकायची. तुमच्याकडे असतं का तसं काही?"

म्हटलं असतं, मेडनचं झालं की स्पीकरवर एक जुनं विनोदी गाणं लावतात, आयुष्याची उजळ बाजू बघा वगैरे सांगणारं, आणि पब्लिक शीळ घालत गेटकडे जातं.

बाबांना ते फार आवडलं. कप ठेवून म्हणाले, "जा तू. आणि खाली बसायला काहीतरी ने, तिथे गवत ओलं असेल."

मी घरी येऊन ग्रुपवर टाकलं, सतरंजी कोण आणतंय? डॉक्टरने लिहिलं, दोन शहरांच्या मधे आत्ताच तिसरं शहर ॲड झालंय, एकच दिवस रिकामा उरला, संपलं. एक्सेलने लिहिलं, एक दिवस पुरतो, विमान स्वतःचं आहे. बेस ऑनलाईन होता, टायपिंग दिसत होतं, बराच वेळ दिसत होतं, आणि मग आलं, "माझ्याकडे लग्नातली मोठी आहे, चौघं बसू."