ठाणे-बेलापूर रस्त्याने, नाकवाल्या गाड्या शोधत

रविवारी सकाळी कळव्याहून स्कूटर काढली. मागे काका बसलेले, म्हणजे वडिलांचे मित्र. उभी हयात त्यांनी ट्रकच्या स्टिअरिंगमागे काढली. कळंबोलीच्या गॅरेजांत जुन्या नाकवाल्या गाड्या, म्हणजे कॅबिनच्या पुढे इंजिनाचं नाक आलेले ट्रक, अजून दिसतात, असं त्यांच्या कानावर आलं होतं. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी तुंबलेलं नव्हतं, म्हणजे अर्धी लढाई तिथेच जिंकली.

दिघा, ऐरोली, रबाळे, महापे भराभर मागे पडले. उड्डाणपूल झाल्यापासून या रस्त्यावर बघण्यासारखं फारसं काही उरलेलं नाही. डावीकडे पारसिकच्या डोंगराचे खाणींनी कुरतडलेले कडे तेवढे सोबत करतात.

तुर्भ्याला एमआयडीसीच्या आतल्या रस्त्यावर काकांनी एकदम खांद्यावर थाप मारली, "थांब, थांब!" गटाराच्या कडेला एक रोड रोलर टेकला होता. तीन लोखंडी चाकं, वर पत्र्याचं छप्पर, ताटाएवढं सपाट स्टिअरिंग. चाकाला चिकटलेलं डांबर खरवडायची पट्टी अजून जागेवर होती.

"आठ-दहा टनी आहे," काका म्हणाले.

"नक्की किती? आठ की दहा?"

"अरे, रिकामा आठ आणि चाकांत पाणी नाहीतर वाळू भरली की दहा."

लहानपणी आमच्या गल्लीत असाच एक यायचा. त्याच्या आधी डांबराची भट्टी यायची, खाली लाकडं पेटवलेली आणि काळ्या धुराने डोळे चुरचुरणारे. खडीची घमेली उचलणाऱ्या बायकांच्या पायांना गोणपाट बांधलेलं असायचं. त्या दिवसांची आठवण गोड मानून घ्यायची असेल, तर आधी ते पाय विसरावे लागतील. मला ते जमत नाही.

मुंबईतला लोखंड बाजार हलवून सिडकोने तो कळंबोलीत वसवला. त्यामुळे इथे ट्रक, ट्रेलर आणि ते दुरुस्त करणारे हात भरपूर. एका गॅरेजच्या मागच्या अंगाला आम्हाला हवी ती सापडली. टाटा बारा-दहा, टायर काढून लाकडी ठोकळ्यांवर उभी केलेली. काकांनी आधी तिचं नाक पाहिलं. टेल्को, म्हणजे टाटांची ट्रक बनवणारी कंपनी, आणि मर्सिडीज बनवणारी जर्मन डाइमलर-बेंझ यांचा करार १९५४ चा. तो १९६९ मध्ये संपला आणि पुढच्या जाळीवरची तीन टोकांची चांदणी जाऊन तिथे 'टी' आला. जुने ड्रायव्हर तरीही गाडीला बेंझच म्हणत राहिले. मॉडेलच्या आकड्यांतही हिशेब होता. बारा-दहा म्हणजे साधारण १२ टन आणि १०० हॉर्सपॉवर, सोळा-बारा म्हणजे १६ टन आणि १२०.

"कारखान्यातून चॅसीच यायची," काका सांगत होते. "जमशेदपूरहून उघड्या चॅसीवर फळी टाकून, डोळ्यांना गॉगल लावून पोरं गाडी आणायची. कॅबिन आणि बॉडी मग इथे सुतार-लोहार बांधायचे."

म्हणूनच दोन गाड्या कधी सारख्या दिसायच्या नाहीत. या गाडीच्या मागच्या फाळक्यावर रंगवलेलं कमळ अर्धं उडालं होतं, कॅबिनच्या लाकडी चौकटीवर देवाच्या फोटोचे खिळे तसेच होते. इंजिन अर्धं कॅबिनच्या आत. त्याच्या झाकणावर क्लीनर बसायचा आणि उन्हाळ्यात खाली गोधडी घ्यायचा. आता नव्या मोठ्या ट्रकच्या कॅबिनला एसी सक्तीचा झाला आहे. हे ऐकून काका एवढंच म्हणाले, "चाळीस वर्षं उशीर केला."

निघताना गॅरेजवाल्याला तुर्भ्याच्या रोलरबद्दल विचारलं. असले रोलर घेतं तरी कोण?

"भंगारवाले. वजनावर जातात," तो म्हणाला. "पण चाकांतली वाळू आधी काढायला लावतात साहेब, नाहीतर दोन टन वाळू लोखंडाच्या भावात गळ्यात पडायची!"